एक ते सहाच्या मधले आजारी

कुणीतरी आमच्या लालबागच्या लोकांना पद्धतशीर फसवलंय. आजारी पडायची वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की दुपारी अडीचला छातीत दुखायला लागलं तर माणूस आधी घड्याळ बघतो! ज्याने कुणी हे केलं, त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचंय.

तोपर्यंत आम्ही तिघं चाळीतल्या मंडळाच्या खोलीत एक मोबाइल फोन घेऊन बसतो. मी, सचिन आणि नर्सिंग शिकणारी लिनेट. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सचिनच्या आईचं तोंड वाकडं झालं, आणि ती 'सहाला डॉक्टर येतील' म्हणून पडून राहिली. तिचा उजवा हात अजून उचलत नाही. म्हणून हा फोन. दवाखाना बंद असताना कुणाला काही झालं तर आम्ही धावत जायचं, गरज पडली तर हॉस्पिटलात पोचवायचं. औषध द्यायचं नाही. काम एवढंच. पण एवढ्याशा कामात इतके किस्से साठलेत की चहाला बसलं की एकाचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो.

*

पहिलाच फोन. मी पहिली रिंग संपायच्या आत उचलला.

"डॉक्टर आहेत?"

"नाहीत, पण काय होतंय ते सांगा. आम्ही लगेच येतो."

"डॉक्टर कधी येणार?"

"सहाला. पण तुम्हाला काय होतंय?"

"ते मी सहाला सांगेन ना!" बाई वैतागल्या. "डॉक्टरच नाहीत तर तुम्ही कशाला बसलाय तिथे?"

आणि फोन ठेवला. पुढचे चार दिवस सगळे फोन साधारण असेच!

*

आमच्याकडचे जुने डॉक्टर गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. त्यावर नाव नसतं, गाव नसतं.

चाळीतल्या शिंदेकाकूंना चक्कर आली, म्हणून लिनेटने त्यांना हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"पिवळी. सकाळी अर्धी."

"रंग नको, नाव सांगा."

"नाव मी कशाला विचारू? बावीस वर्षं घेतेय, कधी त्रास दिला नाही तिने!"

डॉक्टरने लिनेटकडे बघितलं. लिनेटने छताकडे.

*

एका आजींना ताप होता, उभं राहवत नव्हतं. सचिनने टॅक्सी आणली. चाळीतून आधी मुलगा उतरला, तो पुढे बसला. मग सून, मुलगी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन जावई मागे बसले. दारं लागली. टॅक्सीवाल्याने मीटर टाकला.

आजी फुटपाथवर, सचिनच्या खांद्याला धरून उभ्या!

"अहो, पेशंट राहिला!" सचिन ओरडला.

आजीच म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना. मला उशीर झाला तर ते तिथे सांगतील तरी, मी येतेय म्हणून."

*

मालवणकडच्या एका आजीने फोन केला, की नातीला ताप आहे. लिनेट पोचली तर खोलीत मिरच्यांचा धूर. दृष्ट काढून झाली होती. लिनेटने खिडकी उघडली, मुलीचं अंग पुसलं, पाणी पाजलं, आणि तासाभराने पुन्हा थर्मामीटर लावला. ताप बराच खाली आलेला.

आजीने थर्मामीटर हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "तुझा मशीन बरा आसा गो," ती समजुतीने म्हणाली. "मिरच्यांनी काम केल्यानी की नाय, ता बरोबर दाखवता."

*

सावंतकाका एकटे राहतात. रोज दुपारी तीनला त्यांचा फोन.

"काही होतंय का, काका?"

"नाही. फोन लागतो का ते बघत होतो."

मला सुरुवातीला राग यायचा. लाइन अडवून ठेवतात म्हणून एकदा बोललेही. मग एका दिवशी तीनला फोन आलाच नाही. सव्वातीन झाले तसा सचिन उठला, तीन मजले धावत चढला आणि दारावर धडाधड हात मारायला लागला. काकांनी बनियनवरच दार उघडलं.

"फोन का नाही केलात?"

"आज रविवार. म्हटलं, पोरांना एक दिवस आराम." त्यांनी सचिनकडे नीट बघितलं. "केवढी धाप लागलीय तुला! डॉक्टरला दाखव हो. आज नको पण, आज बंद असतो."

*

आणि हा परबकाकांचा.

आमच्या नाक्यावरच्या दवाखान्याबाहेर दुपारपासूनच नंबर लागतो. माणसांचा नाही, वस्तूंचा! बंद शटरला लागून कुणाची पिशवी, कुणाची चप्पल, एखादी छत्री. वस्तू ठेवायची आणि घरी जायचं, सहाला परत यायचं. कुणी कुणाची चप्पल मागेपुढे करत नाही.

त्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही तिघं तिकडून येत होतो. पायरीवर गिरणीतून रिटायर झालेले परबकाका स्वतःच बसलेले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने रांगेतली पहिली पिशवी धरलेली. चप्पल ठेवून शेजारी टेकलेल्या डिसोझा आंटी त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होत्या.

लिनेट खाली बसली. "काका, कुठे दुखतंय?"

"इथे. आणि जबड्यात जरा. होईल कमी."

"कधीपासून?"

"जेवल्यापासून."

लिनेटने आमच्याकडे बघितलं. मी रस्त्यात उभी राहून टॅक्सी थांबवली.

"काका, चला. हॉस्पिटलला."

"सहाला डॉक्टर येतायत की."

"दोन तास आहेत अजून!"

"माझा पहिला नंबर आहे गो." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एवढ्या वर्षांत कधी पहिला लागला नाही. आता उठू?"

मी चिडून काहीतरी बोलणार होते. त्याआधी सचिन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "काका, माझी आईपण सहाचीच वाट बघत होती."

काकांना ते माहीत होतं. सगळ्या चाळीला माहीत आहे. त्यांनी मान खाली घातली, पण पिशवी सोडली नाही.

मग डिसोझा आंटी वर्तमानपत्र ठेवून पुढे सरकल्या. "परब, पिशवी इकडे दे. तुझा नंबर मी सांभाळते. कोण पुढे घुसतो ते बघतेच मी!"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, शटरकडे बघितलं, आणि पिशवी दिली.

हॉस्पिटलात ईसीजी काढला आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांना आत नेलं. लिनेट दाराच्या काचेशी उभी राहिली. सचिन बाकावर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. बऱ्याच वेळाने एक डॉक्टर बाहेर आली. "वेळेवर आणलंत. आता चोवीस तास बघू," एवढंच म्हणाली आणि परत आत गेली.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. डिसोझा आंटी. मागे बराच गलका चालला होता.

"ए पोरी, परब कसा आहे?"

"आत आहेत. उपचार चालू आहेत."

"बरं, ऐक. शटर उघडलं. कंपाउंडर कधीपासून 'एक नंबर, एक नंबर' ओरडतोय. मी बोलली, एक नंबर बाहेर गेलाय. डॉक्टर बोलतो, मग दोन नंबर या. मी नाय गेली. तीन नंबरवालापण नाय गेला. परबला सांग, सावकाश ये. आम्ही सगळे थांबलोय."