मुठीतलं नाव

बिझेन प्रांतात, योशिई नदीकाठच्या त्या गावात तलवारी घडवणारे ढिगानं होते; पण गाव ‘मोड्या’ म्हणायचं ते एकट्या चिकातोकीला. चाळीस वर्षं भट्टीशी संसार केला बाबानं, आणि मनास उतरलेल्या तलवारी पुऱ्या वीसही नाहीत. धारेत केसाएवढी रेघ दिसली, की घाल ऐरणीवर आणि मोड! जी वाचायची, तिच्या मुठीत जाणाऱ्या भागावर तो छिन्नीनं आपलं नाव कोरायचा. वर मूठ चढली की ते कुणाच्या दृष्टीसही पडायचं नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. नाव तिथं आहे, एवढं त्याला पुरे होतं.

अशा माणसाकडे एका हिवाळ्यात सरदारांचा कारभारी दोई आला. हातात चिकातोकीचीच तलवार, सगळ्यांत लांब.

“म्हातारबा, ही वीतभर तोकडी करा. धाकटे धनी घोड्यावरून उतरले की टोक जमिनीला घासतं.”

चिकातोकीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. टोकाकडून कापली तर तलवार मेलीच. कापायची ती मुठीकडून. म्हणजे नेमकं नावच कापायचं, तेही त्याच्याच हातानं!

“धन्यांना म्हणावं, जरा वाढा! ते कमी पडले, त्यात माझ्या तलवारीचा काय दोष?”

“जीभ आवरा. तुम्ही नाही म्हणालात तर शेजारचा कापेल.”

शेजारचा! तो रेडा ती तापवून धारेचं पाणी घालवणार, हे काय सांगायला हवं? दातओठ खात चिकातोकीनं स्वतःच कापली.

“आता नवं नाव कोरा,” दोई म्हणाला.

“कशावर? मी घडवली ती लांब होती. ही तुमच्या धन्यांची. त्यांनाच कोरू द्या.”

भातलावणीच्या दिवसांत तोच दोई धापा टाकत दारात आला. धन्यांनी ती तलवार कामाकुराला मोठ्या दरबारी भेट धाडली होती. तिथं मूठ उतरवून बघितली, तर नावच नाही. कुण्या ऐऱ्यागैऱ्याची म्हणून ती परत आली, आणि धन्यांची शोभा झाली.

“बुवा, पाया पडतो. नाव तेवढं द्या!”

“ते होय? ते तिथं मुळा चिरतंय.”

चुलीपाशी त्याची बायको इने बसली होती. तिच्या हातात त्या कापल्या तुकड्याची सुरी होती. त्यानंच त्या तुकड्याला पाणी देऊन, धार लावून, लाकडाची बुटकी मूठ बसवली होती. पात्यावर नाव लख्ख दिसत होतं.

इनेनं सुरी पुसली. “अहो, देऊ का यांना? रडकुंडीला आलेत बिचारे.”

“खबरदार!” म्हातारा कडाडला. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते मुठीबाहेर आलंय. चीर तू मुळा.”