आईचं कडवं

कापराचा वास आला की मला टीव्हीचा आवाज जाणं आठवतं. नव्या रायपूरच्या फ्लॅटमधला तो आमचा पहिला गणपती. जुन्या रायपुरात, आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात, आरतीला अख्खी गल्ली जमायची. इथे खाली रुंद, रिकामे रस्ते आणि वर आम्ही चौघं, मी, बायको, मुलगी आणि आई. सोबत म्हणून मी टीव्हीवर इंटरनेटवरून थेट आरती लावली. चित्र स्वच्छ, पण आवाज मध्येच गडप व्हायचा. मग आई टाळ्या न थांबवता पुढचं कडवं उचलायची, तात्यापाऱ्याच्या संथ चालीत. आवाज परतला तरी ती आपलं कडवं पुरं करूनच थांबायची. "आरती मधात तोडत नाहीत, बाबू," ती म्हणाली. मला मात्र तो बिघाडच खुपत होता. राउटर बंद-चालू केला, स्पीकरची वायर बदलली, शेवटी टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये सराउंड काढून साधं स्टीरिओ केलं, आणि आवाज सलग झाला. दुसऱ्या संध्याकाळी आई नुसत्या टाळ्या वाजवत होती. "तू काहून म्हणून नाही राहिली?" मी विचारलं. "आता तुटून नाही राहिली न. मग मी कायले म्हणू?" मी ते माझ्या दुरुस्तीचं कौतुकच समजलो. आई गेल्यावरच्या पहिल्या गणपतीत मी मुद्दाम पुन्हा सराउंड लावलं. मधेच आवाज गेला. आमच्या टाळ्या थोडा वेळ चालल्या. "पापा, आगे क्या है?" मुलीने विचारलं. पुढचं कडवं मलाही येत नव्हतं.