पाचवीला जाण्याआधी

शहरातल्या इंदिरानगरातून पेठ तालुक्यातल्या माझ्या शाळेत पोचेपर्यंत रोज माझा जीव अर्धा होतो. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक आम्ही दोघंच. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. वाचनात मागे पडलेल्या मुलांना कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण आम्हाला शहरात मिळतं. पंख्याखाली बसून आम्ही मोठी माणसं टाळ्या वाजवत शब्द तोडतो, गाणी म्हणतो आणि येताना रंगीत चित्रकार्डांची पेटी घेऊन येतो. मागच्या पेटीत जहाज होतं, ऐरण होती, बर्फाचा डोंगर होता. मुलांनी कार्डं कौतुकानं पाहिली, नव्या कागदाचा वास घेतला, पण वाचायचं काही कुणी मनावर घेतलं नाही. मी वैतागून पेटी कपाटावर टाकली.

माझी खरी डोकेदुखी होती चौथीतली एक मुलगी. कामसू, चटपटीत, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. पण वाचायला उभी केली की एकेक अक्षर सुटं म्हणायची आणि शब्द जुळवायची वेळ आली की पुस्तक सोडून माझ्या तोंडाकडे बघायची. माझ्या भुवया जरा वर गेल्या की लगेच उत्तर बदलायची. शेवटी तिला वाचायला लावताना मी हजेरीपट तोंडासमोर धरून बसायला लागले. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंही, बाई, तुम्ही कुणापासून लपताय?

तिच्यासाठी सुचेल ते सगळं केलं. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पाठीवर शब्द लिहिले, ताटात बारीक माती पसरून तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली. ढिम्म फरक पडला नाही. एक दिवस कंटाळून म्हटलं, तूच काहीतरी सांग, मी फळ्यावर लिहिते. तिनं सांगितलं की काल आमची कोंबडी चुलीमागं जाऊन बसली आणि आई तिला हाकलून हाकलून दमली. मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं आणि तिनं बोट ठेवून वाचलं. दुसऱ्या दिवशी मी शब्दांची जागा बदलली, तरी वाचलं. मग रोज ती सांगायची, मी लिहायचे आणि ती वाचायची. हळूहळू तिला पुस्तकातलाही एखादा शब्द ओळखू यायला लागला. मी इतकी खुशीत होते की घरी नवऱ्यानं विचारलं, पगार वाढला का?

खुशीचं कारण होतं. गावात पाचवीचा वर्ग नाही. पुढं शिकायचं तर आश्रमशाळेत राहायला जावं लागतं. तिच्या वडलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं की पोरीला वाचता येत असेल तर पाठवीन, नाहीतर ती आमच्याबरोबर द्राक्षाच्या बागेत कामाला येईल. थोरल्या मुलीला त्यांनी असंच पाठवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, वर्गात सगळे हसले आणि ती पळून घरी आली. पुन्हा ते नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांचा राग आला होता, पण त्यांचं चुकतंय असंही म्हणवेना.

दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि गाव नेहमीसारखं दिंडोरीकडे द्राक्षबागांत निघालं. मी पिकअपपाशी जाऊन तिच्या आईला म्हटलं, हिला तेवढी आजीजवळ ठेवा. आई पोटाशी तान्हं धरून उभी होती. मी बागेत असताना याला कोण सांभाळणार, तिनं विचारलं. मुलगी भांड्यांच्या पोत्यावर चढून बसली आणि मला हात करत गेली.

मी वडलांच्या मोबाइलवर वाक्यं लिहून पाठवली. ती कुणी उघडली नाहीत. एका रविवारी मी बागच शोधून काढली. ती वेलीखाली भावाला मांडीवर थोपटत बसली होती. मला बघून लाजली. मी पिशवीतून पाटी काढली, तेवढ्यात पोरगं रडायला लागलं आणि ती त्याला घेऊन येरझाऱ्या घालायला लागली. थोडा वेळ थांबून मी परत फिरले. स्कूटीवर मला रडू आवरेना.

शिमग्याला ती परत आली ती पुन्हा सुटी अक्षरं घेऊनच. ओळखू यायला लागलेले शब्दही गेले होते. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उरलेला वर्ग तेव्हा परीक्षेसाठी मुंग्यांचा धडा रोज मोठ्यानं वाचत होता.

वर्ष संपता संपता तिचे वडील शाळेत आले आणि दारातच बसले. म्हणाले, "बाई, आता खरं काय ते सांगा. वाचाया येतंय का हिला?"

मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तोच ती पुस्तक घेऊन उठली, मुंग्यांचा धडा काढला आणि वाचायला लागली. कुठं अडखळणं नाही, सुटं अक्षर नाही. मी थक्क झाले. मग माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तोंडानं ती मुंग्यांच्या वारुळापर्यंत पोचली होती आणि बोट अजून पहिल्या परिच्छेदावर होतं. वर्गाचं ऐकून ऐकून तिला अख्खा धडा पाठ झाला होता. डाव्या-उजव्या पानावरचं सगळं म्हणून झालं तरी ती पान न उलटता पुढचं म्हणत राहिली.

वडील पुस्तकाकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

मी पुढं वाकले आणि पान उलटलं.

"येतंय की," वडील म्हणाले. मग आश्रमशाळेत नाव घाला म्हणाले, मला हात जोडले आणि गेले. मी खरं सांगितलं असतं तर बाग ठरलेली होती. गप्प बसले तर थोरलीचं झालं तेच हिचं होणार होतं.

ती पुस्तक छातीशी धरून माझ्यापाशी आली. मला कळलंय, हे तिला कळलं होतं.

"बाई, पाचवीचं पुस्तक मला सुट्टीत एकदा वाचून दाखवाल का? एकदाच. मंग माझ्या ध्यानात राहतं."

मी हो म्हटलं. पाचवीला एका पुस्तकानं भागत नाही, हे तिला कसं सांगावं ते मला कळेना.