भिंगावर धरलेली सावली

फोटोत भूत कसं आणायचं ते मला विचारा... निगेटिव्हच्या एकाच काचेवर दोनदा फोटो घेतला की झालं! डहाणू रोडला माझा स्टुडिओ होता, त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास बसला नाही. तरीही एकोणीसशे साठच्या सुमारास तलासरीत जे घडलं ते सांगतो.

तिथे तेव्हा गवताच्या वखारी होत्या. एक ठिणगी पडली की सगळं खलास. म्हणून मजुरांनीच आग विझवायचं पथक उभारलं होतं — पत्र्याची शेड, हातपंप, बादल्या आणि एक घंटा. त्यांचा ग्रुप फोटो मीच काढला. ऊन समोरून भिंगात येत होतं, म्हणून पथकातल्या लखमाला रांगेतून बाहेर बोलावलं आणि सावली धरायला पुठ्ठा त्याच्या हातात दिला. बाकी सगळे फोटोत आले. "तुझा नंतर एकट्याचा काढू," म्हणालो... आणि विसरलो.

त्याच उन्हाळ्यात वखारीच्या आगीत लखमा गेला.

त्याची बायको जानकी दर बाजाराला स्टुडिओत यायची. "भाऊ, नीट बघ ना. कोपऱ्यात तरी आसंल." त्याचा दुसरा एकही फोटो नव्हता, आणि आपण त्याचा चेहरा विसरत चाललोय या धास्तीने ती वेडीपिशी झाली होती. मी सगळ्या काचा पुन्हा पुन्हा तपासल्या. काही नाही! शेवटी शेवटी मला तिच्याकडे बघवेना.

पथकाने शेडमागे लखमाच्या नावाचा लाकडी खांब उभारला होता — सूर्य-चंद्र कोरलेला, तोंड उगवतीकडे. निदान त्याचा फोटो तरी तिला द्यावा म्हणून गेलो. बस उशिरा पोचली, तोवर सूर्य खांबामागे उतरलेला. जानकी खांबाशेजारी उभी राहिली. आजूबाजूला कापलेल्या गवताचं मोकळं रान, तिसरं माणूस नाही.

कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली डोकं घातलं. चित्र दिसायच्या मागच्या काचेवर उन्हाचा नुसता उजेड... आणि एकदम भिंगावर सावली आली. चित्र स्वच्छ दिसायला लागलं. सवयीने बोलून गेलो, "लखमा, जरा वर धर."

सावली वर सरकली.

मी डोकं बाहेर काढलं. कुणी नव्हतं. माझ्या हातावर ऊन, स्टँडवर ऊन, फक्त भिंगावर सावली! मी तसाच फोटो घेतला.

फोटो उत्तम आला. खांब आणि जानकी, बस्स.

पुढच्या बाजाराला तो तिच्या हातात ठेवला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"तू वर धर बोललास, तं त्याने तुझं ऐकलं ना?"

"हो."

"मंग पुढं ये, असं कां नाय बोललास, भाऊ?"

ती सावली कुठून आली हे मला आजही सांगता येत नाही. आणि ते दोन शब्द माझ्या तोंडून का निघाले नाहीत, हेही नाही.