तिरंदाजाचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात जुन्या फ्रेमा साठत जातात. गिऱ्हाईक नवी घेतं, जुनीला "राहू दे इथेच" म्हणतं, आणि आपल्याच्यानं ती टाकवत नाही. आमच्या रविवारच्या खेळाचे किस्से माझ्याकडे असेच पडून आहेत.

डहाणूत माझं दुकान. २०१४ ते २०१९, दर रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही चौघं खेळायचो. तलासरीच्या शाळेतल्या सुनीताबाई गोष्ट सांगायच्या. राक्षस, जंगलं, राजवाडे सगळे त्यांचे. बाकीचे आम्ही त्या गोष्टीतली पात्रं. बोर्डीचा दिनेश जादूगार, मी तलवारवाला, चिंचणीचा हेमंत, म्हणजे आमचा हेमू, तिरंदाज. बाण सोडला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर लागला, लहान आला तर चुकला.

एकदा एका गुजराती काकांनी शटरखालून डोकावून विचारलं, "शेठ, जुगार चाले छे?"

"नाही काका, राक्षस मारतोय."

काका गेले ते थेट समोरच्या दुकानात. जुगारी चालला असता त्यांना, वेडा नको होता.

*

हेमूने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "माझा तिरंदाज चष्मा लावतो."

हेमूच्या घरची मासेमारीची बोट. पण डोळे लहानपणापासून अधू, म्हणून तो तारापूरला कारखान्यात पॅकिंगला. चष्म्याला मागून जाळ्याची नायलॉन दोरी बांधलेली.

"अहो हेमंत, जादूचं जग आहे," बाई म्हणाल्या. "देवळात जायचं, पुजारी मंत्र म्हणतो, डोळे ठणठणीत. चष्मा कशाला?"

"मग तुमच्या गोष्टीतला राजा लंगडतो कसा? त्याला कोणी देवळात नेत नाही?"

झालं! दोन रविवार राक्षस ताटकळत बसला आणि आम्ही भांडलो. दिनेश म्हणे, "रोजची कटकट खेळात कशाला? इथे विसरायला येतो ना आपण?"

"तू विसर," हेमू म्हणाला. "मी आरशासमोर चष्मा काढला तर मला मीच दिसत नाही."

मी अर्थातच हेमूच्या बाजूने. ज्या जगात मंत्राने डोळे बरे होतात, तिथे माझ्यासारख्याने करायचं काय?

*

चष्मा मंजूर झाला, पण बाईही काही कमी नव्हत्या. तिसऱ्याच आठवड्यात तिरंदाज नदीत पडला आणि चष्मा वाहून गेला. हेमूने अंदाजाने बाण सोडला. फाशावर वीस. बाण असा बसला म्हणता! दिनेशच्या घोड्याला.

"अरे, राक्षस डावीकडे होता!"

"मला दोन्ही तपकिरीच दिसले."

दिनेश महिनाभर पायी चालला. गोष्टीत, आणि रागाने खऱ्यातही. खेळ सुटला की स्टेशनापर्यंत हेमूच्या बाइकवर बसायचाच नाही.

*

मग एक दिवस हेमू डोळे तपासायला आला. नंबर तोच होता, पण बाजूला धरलेली माझी बोटं त्याला दिसेनात. हे काचेचं काम नव्हतं. मी त्याला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सांगितलं, नजर अशीच आक्रसत जाणार, यावर ऑपरेशन नाही.

तीन रविवार तो आला नाही. चौथ्या रविवारी आला, तेव्हा बाईंनी गोष्टीत एक तळं आणून ठेवलं होतं. त्यात डोळे धुतले की दृष्टी परत. बिचाऱ्या आठवडाभर त्यावर खपल्या होत्या.

हेमू शांतपणे म्हणाला, "बाई, तळ्यात मी बरा होईन. पाच वाजता या शटरखालून बाहेर पडलो की परत आंधळा. दर रविवारी नव्याने व्हायचं का मी?"

बाईंनी डोळे पुसले. मग वहीतली दोन पानं फाडली आणि म्हणाल्या, "तळं आटलं. पुढे चला."

*

पुढे पुढे त्याला फाशावरचे आकडे दिसेनात. फासा घरंगळू नये म्हणून मी एक स्टीलची वाटी ठेवली, तळाला चष्मे पुसायचं फडकं. हेमू त्यात फासा टाकायचा आणि आम्ही आकडा सांगायचो. सोळा. अठरा. एकोणीस. कोणी ठरवलं नव्हतं, पण तिघेही तेच करत होतो. सहा महिने तिरंदाजाचा एक बाण चुकला नाही.

आणि हेमू गप्प होत गेला. एका रविवारी निघताना म्हणाला, "मी आता थांबतो रे. मजा नाही येत." आम्हाला वाटलं, डोळ्यांमुळे. मी हातापाया पडून त्याला आणखी एकदा यायला लावलं. तो आला नसता तर आमचा खेळच संपला होता.

त्या दिवशी दिनेशने घरच्या वाडीतले चिकू आणले होते. खाऊन झाले, बाईंनी ड्रॅगन आणला, हेमूने वाटीवर हात नेला, टाकलं.

"किती?" त्याने मला विचारलं.

"अठरा," मी म्हणालो.

"नीट बघितलंस?"

"म्हणजे काय, डोळे आहेत ना मला."

हेमूने मूठ उघडली. फासा त्याच्या हातात होता. वाटीत चिकूची बी.

त्याने बी उचलून बाजूला ठेवली, फासा टाकला आणि परत विचारलं, "किती?"

मी वाटीत वाकून बघितलं. "तीन."

"चुकला," हेमू म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून बसला. "हं बाई, मग ड्रॅगनने काय केलं?"