मागच्या माणसाचे मार्क

दरवर्षी जानेवारीत परदेशात एक कुस्ती होते. तीस पहिलवान उतरतात. वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला की तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला. सगळं आधी ठरलेलं असतं, नुरा कुस्ती. चिंतामणला ते ठाऊक होतं. जिंकलं कोण याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. अंगमेहनत किती झाली एवढंच तो बघे आणि दहापैकी मार्क देई.

पोलोग्राउंडच्या फाउंड्रीत त्याची जोडी श्रीपादशी होती. वितळलेल्या लोखंडाची बादली लांब दांड्यांवर दोघांनी उचलायची. चिंतामण पुढे, श्रीपाद मागे. कुस्तीही दोघं जोडीनेच टीव्हीवर बघत, स्नेहलतागंजात चिंतामणच्या खोलीवर. पहिला मार्क श्रीपादने सांगायचा, मग चिंतामणने, असा रिवाज.

एका वर्षी शेवटच्या फेकीवरून बिनसलं. एका धिप्पाड गड्याने दुसऱ्याला दोरावरून बाहेर टाकलं आणि जिंकला. श्रीपादने त्याला आठ दिले.

"आठ? पडला कोण? पाठ कोणाची शेकली? जाड्याला दोन खूप झाले."

"त्याने धरलं होतं, भिया. नीट बघ."

"तू जन्मभर माझ्या मागे चाललास. तुला माझ्या पाठीशिवाय काय दिसलंय?"

श्रीपादने चहा अर्धा ठेवला, चपला घातल्या. पुढे तो मुलाकडे उज्जैनला राहायला गेला. फोन कोणीच केला नाही.

आता चिंतामण जुन्या सालांच्या कुस्त्या मोबाइलवर पुन्हा बघतो, पुन्हा मार्क देतो. दुपार सरते. परवा ते साल लागलं. ती फेक त्याने थांबवून थांबवून बघितली. जाड्याचा डावा हात पडणाऱ्याच्या काखेत होता. सगळं वजन त्या एका हातावर. जमीन येईस्तोवर त्याने हात सोडला नाही. दंडाची शीर तटतटली होती.

चिंतामणला फाउंड्रीतली बादली आठवली. साच्यावर बादली कलली की पुढचा दांडा एकदम हलका होई. ती आपल्या हाताची सफाई, असं तो आजवर समजत आला होता; वजन मागे श्रीपाद घेत होता.

त्याने उज्जैनला फोन लावला. श्रीपादची सून अंबिकाने उचलला आणि सासऱ्यांकडे दिला.

"श्रीपाद, तो जाड्या. आठच."



"दिसला हात?"

"दिसला."

"बस. एवढंच होतं."

"यंदाची मी बघायची ठेवलीय. ये ना एक दिवस."

"छोड यार. खांदा वर जात नाही, बसमध्ये दांडा धरवत नाही. आणि कुस्ती मी केव्हाच सोडली. तू बघ."

फोन ठेवून चिंतामणने यंदाची लावली. फेकणाऱ्यांच्या हातांवर नजर ठेवून शेवटपर्यंत बघितली. मेहनत चोख झाली होती. मार्क ओठांवर आला.

पण पहिला श्रीपादने सांगायचा.  चिंतामणने मोबाइल बंद करून पालथा ठेवला.