पंपावरचा हात
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. आमचे पणजोबा राणीच्या राज्यात निपाणीहून बेळगावच्या कॅम्पात सायकलनं जायचे. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, त्याच वाटेनं सायकलवरनं जायचं ठरवलं. घरच्यांनी त्याला ओवाळलं आणि मला केळी घेऊन मोटारीतून मागनं यायला सांगितलं. "पाय बघा, अगदी पणजोबांचे!" आत्या म्हणाली. तसेच पाय माझेही आहेत, पण साडीतले कोण बघतंय? तवंदी घाटाच्या चढाला त्याचं मागचं चाक बसलं. जन्मभर स्कूटरवर फिरलेला अण्णा नुसता टायरकडं बघत राहिला. "आता गं?" "सरक." शाळेला सायकलनं जाताना मी लई पंक्चर काढलेत. ट्यूब घासून ठिगळ चिकटवलं आणि हवा भरायला लागले, तेवढ्यात ड्रायव्हरनं फोटो काढला. "आता बेळगावपर्यंत मी चालवते," मी म्हटलं. "खुळी का काय गं?" म्हणत अण्णा टांग टाकून गेलासुद्धा. तो फोटो आता माहेरच्या सोप्यात पणजोबांच्या तसबिरीशेजारी आहे. अण्णा हँडल धरून ताठ उभा आहे, आणि कोपऱ्यात पंपावरचा हात तेवढा माझा आलाय. हातात बांगड्या स्वच्छ दिसतात, तरी आलेला पाहुणा विचारतोच, "हा पंक्चरवाला कुठला?"